अक्कानं ओढलेली चुन्याची रेघ

विकायला आणलेली वांगी संपत आली होती. आदिलाबादच्या बाजारात सकाळी नऊची वेळ, समोर एक तेलुगू बाई टोपलीतली वांगी निवडत होती आणि "एंत अम्मा?" म्हणून भाव विचारत होती. तेवढ्यात फोन वाजला. पुतण्याचा, हैदराबादहून. "काकू, आई गेली... शेजारच्यांचा फोन आला. तू कुठं हायस?" त्या बाईनं माझा चेहरा पाहिला, निवडलेली वांगी परत टोपलीत ठेवली आणि माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं. गावाकडं, भीमपूरच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, वजनकाटा तिथंच राहिला.

कौसल्याबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणायची. भाऊजी गेले तेव्हा पुतण्या शाळेत होता, आणि घरात होती ती फक्त पिठाची चक्की. सुरुवातीला पट्टा निसटला की अक्का तालुक्याच्या मिस्त्रीला निरोप धाडायची. एकदा तो तीन दिवस आलाच नाही. बायका ज्वारीचे डबे दारात ठेवून परत जाऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी अक्कानं पदर खोचला, पट्टा स्वतः चढवला, आणि तेव्हापासून मिस्त्रीला निरोप गेला नाही. ही गोष्ट ती कधी फुशारकीनं सांगायची नाही. मला कळली ती इतर बायकांकडून.

आमच्या वाटण्या झाल्या तेव्हा बांध कुठून धरायचा यावर बोलणं वाढलं. अक्का काहीतरी समजावत होती आणि मी चारचौघांत बोलून गेले, "पीठ दळणाऱ्या बाईनं मले शेत शिकवू नये." अक्का उठली आणि चक्कीत गेली. त्यानंतर आठ महिने आमचं बोलणं बंद. घरापासून पन्नास पावलांवर चक्की असताना मी डोक्यावर डबा घेऊन शेजारच्या गावी दळायला जात होते. लोक विचारायचे, मी म्हणायची तिकडं पीठ बारीक येतं.

त्याच वर्षी आम्ही कपाशीत निंदणासाठी पावर विडर घेतला, तण काढायचं हातानं चालवायचं मशीन. हे बेल्लमपल्लीला कामावर, रविवारीच घरी येणार, शेत माझ्यावर. दहा दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं, तेव्हा गवत कपाशीच्या वर गेलेलं. मजूर कुणाच्याच हाती लागत नव्हते. मी मशीन काढलं. दोन ओळी झाल्या आणि ते थांबलं. इंजिन गरजत होतं, पण चाक जागचं हलेना. रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं येऊन पाहून गेले. एक म्हणाला गिअर गेला, आता महिना लागते. दुसरा म्हणाला बाईमाणसाचं काम नाई हे. मी पुन्हा पुन्हा दांडा दाबून पाहत होते, जणू जोर लावला की चालेल... शेवटी बांधावर बसले आणि रडले.

मान वर केली तर अक्का समोर उभी. इंजिनाचा आवाज चक्कीपर्यंत गेला होता म्हणे. भुवयांवर पीठ, हातात पान्हा.

"बंद कर आधी ते. चालू मशीनले हात लावाचा नाई," एवढंच बोलली. आठ महिन्यांनंतरचे ते पहिले शब्द.

मी बंद केलं. "अक्का, मी तवा बोलली ते..."

"ते राहू दे. इंजिन ओरडून राह्यलं अन् चाक फिरत नाई, म्हंजे मधातलं कोनीतरी कामावर नाई. इंजिनापासून सुरू कर. एकेक पाह्य."

पाहायचं मला, सांगायचं तिनं. क्लचची तार ओढून पाहिली. तार ताणत होती. झाकण खोलून पट्टा पाहिला. बोटानं दाबला तर थोडा ढिला, पण तेल लागलेलं नाही, चीर नाही. तो कसून घेतला. चालू केलं, तरी मशीन जागचं हलेना. मला वाटलं, गिअरच गेला. अक्का म्हणाली, "थांब वं, घाई काऊन करतं?" तिनं कमरेच्या पानाच्या चंचीतून चुन्याची डबी काढली, बोटानं चाक ज्यावर बसतं त्या धुऱ्याच्या टोकापासून चाकापर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढली. "आता चालू कर अन् लांब उभी राह्य."

धुऱ्यावरची रेघ फिरली. चाकावरची जागेवरच राहिली.

धुरा आतल्या आत फिरत होता, चाकाला धरून ठेवणारी पिन तुटली होती. दुसऱ्या बाजूची पिन तर कधीच गळून पडलेली. मग मला उमजलं, झडीच्या आधीपासूनच मशीन एका बाजूला का ओढत होतं. मी समजत होते, माझ्याच मनगटात जोर नाही.

मी घाईनं घरातला जाड बोल्ट आणायला निघाले. अक्कानं अडवलं. "तो नको घालू. दगड लागला म्हून पिन मोडली, अन् ती मोडली म्हून गिअर वाचला. त्याच मापाची आन. एक दिवस जाईल, जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी आदिलाबादहून पिना आणल्या, चार जास्तीच्या. अक्का चक्की दुपारपर्यंत बंद ठेवून आली. बसवल्या मीच, तिनं बोट लावलं नाही. मशीन चाललं. पहिली ओळ पूर्ण करून मी वळले तेव्हा ती बांधावर बसून पान लावत होती. मी शेजारी बसले. म्हणाले, "चुकलं माझं."

"बोलली तं बोलली. मले राग आला होता. आठ महिने राह्यला, आता नाई." पान तोंडात टाकून ती पुढं म्हणाली, "उद्यापासून दळन इकडं आनत जा. तिकडचं पीठ बारीक नसते, मले मालूम हाय."

त्या हंगामात कपाशी वाचली. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की त्यानंतर सात वर्षं आम्ही रोज बोललो. बाजूच्या शेतातल्या बायका मशीन बंद पडलं की अक्काला बोलवायच्या आणि ती मला पुढं करायची, "सुमनले येते सगळं." मला सगळं येत नव्हतं. तिनं म्हटलं म्हणून मी शिकत गेले. शेवटच्या वर्षी तिचा खोकला वाढला. दवाखान्याचं नाव काढलं की ती विषय ज्वारीवर न्यायची. मी आणखी भांडायला हवं होतं... ते मनात राहतं.

तेरवी झाल्यावर पुतण्या चक्की विकायचं म्हणत होता. मी किल्ली मागितली. त्यानं ती माझ्या हातात ठेवली आणि पाया पडायला खाली वाकला.

आता सकाळी दोन तास मी बसते. पहिल्या दिवशी गल्लीतल्या म्हाताऱ्या गिरजाबाई ज्वारी घेऊन आल्या. दळून झाल्यावर त्यांनी चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळलं. अक्काही प्रत्येक डब्यातलं असंच चोळून पाहायची. गिरजाबाई मान हलवून म्हणाल्या, "कौसल्यासारखं नाई झालं वं. जरा जाडं हाय."

मी चक्कीच्या दगडी पाट्याचा स्क्रू थोडा कसला आणि पुन्हा दळलं. त्यांनी पुन्हा चोळलं. डब्याचं झाकण लावलं, डबा डोक्यावर घेतला आणि दारातून म्हणाल्या, "उद्या गहू आनतो."