जामसांवलीला न थांबणारा ट्रक

आमच्या घरात ट्रकांविषयी सगळ्यात जास्त ज्ञान मला होतं, कारण बाकी कोणी तसा दावाच केला नव्हता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौसरजवळचा आमचा संत्र्यांचा बगीचा दरवर्षी फळं झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकला जायचा. त्या वर्षी बाबांनी ठरवलं, जुना ट्रक घ्यायचा आणि आपला माल आपणच नागपूरच्या बाजारात न्यायचा. दोन ट्रक पाहून ठेवले होते, एक लांब नाकाचा, दुसरा चपट्या तोंडाचा. (कंपन्यांची नावं सांगत नाही. चूक त्यांची नव्हती, माझी होती!)

"तू कालिजात जाऊन राहिला ना," बाबा म्हणाले, "मंग कोन्ता दगा देत नाई, ते पाहून सांग. रस्त्यात अडकला तर संत्री सडतीन."

मी शास्त्रीय पद्धत काढली. जामसांवलीच्या हनुमान मंदिराच्या फाट्यावर चिंचेखाली बसायचं आणि हनुमानजीसाठी कोणते ट्रक थांबतात, कोणाचे ड्रायव्हर नारळ फोडतात, ते मोजायचं. ज्याला देवाची गरज जास्त, तो ट्रक कच्चा!

चार दिवस बसलो. थंडीतलं कोवळं ऊन अंगावर आलं की डोळे मिटायचे आणि आपला ट्रक दिसायचा. कपाळावर बाबांचं नाव, मागे संत्री, खिडकीत कोपर टेकून मी, आणि नागपूर आपणहून जवळ येतंय. त्या ट्रकला आवाजसुद्धा नसायचा! फार सुख वाटायचं, खरं सांगतो. मध्येच जाग आली की वहीत रेघ मारायची. लांब नाकाचे झाडून सगळे थांबत. चपटे? एकही नाही! ड्रायव्हर चालत्या गाडीतूनच हात जोडायचा आणि पसार.

"बाबा, चपटाच घ्या! त्याले देवाचीबी गरज नाई!"

"देवापुढं थांबत नाई अशी गाडी काहून घेता?" आई म्हणाली. मी तिला रेघा दाखवल्या.

चपटा आला. पहिला माल भरून सकाळीच निघालो. फाट्यावर आईनं पूजेसाठी गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हर रामाजी दचकला. "माय, इथं नोका थांबवू. पुढं उतार हाय, तिथं थांबू."

"देवापुढं नाई म्हणता?" मी खवळलो. त्यानं थांबवली. उदबत्तीत डिझेलचा धूर नको म्हणून आईनं इंजिनही बंद करायला लावलं.

पूजा छान झाली. इंजिन मात्र हूं की चूं करेना!

"जुनी चपटी बंद केली का धक्क्याबिगर उठत नाई, भाऊ," रामाजी खाली पाहत म्हणाला. "म्हणून तर आमच्यातलं कोनी इथं सपाटीवर थांबत नाई."

ऊन चढत होतं. बाबांनी एक संत्रं हातात घेऊन दाबून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मागं जाय," ते शांतपणे म्हणाले.

"कशाले?"

"ढकलाले!"

त्या हंगामात आमचा माल एकदाही उशिरा पोचला नाही. ट्रक कसाही असो, त्याचा स्टार्टर मात्र भरवशाचा निघाला, आणि तो सकाळ-संध्याकाळ दोन भाकरींवर चालायचा.