बंद दाराचं पान

मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर मी पहिली-दुसरीला शिकवते. काही वर्षांपूर्वी शाळेत चित्रांच्या पुस्तकांचा एक खोका आला. त्यातल्या एका पुस्तकात एकही अक्षर नव्हतं. त्याच्या एका पानावर नुसतं घर होतं, दार लावलेलं, अंगणात एक कोंबडी. मी पुस्तक उघडं धरून विचारलं, "या दारामागं कोण असेल?"

कुणी मांजर म्हणालं, कुणी आजी. दुसरीतली एक मुलगी घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायची आणि वर्गात जवळजवळ गप्पच असायची. ती उठून जवळ आली, दारावर बोट ठेवून म्हणाली, "अंदर कोनी नाई. समदे कामाले गेले. कोंबडीले नेता येत नाई, म्हणून ठेवली."

नेमके त्या दिवशी केंद्रप्रमुख वर्गात बसले होते. त्यांनी ते मोबाइलवर टिपलं आणि केंद्राच्या ग्रुपवर टाकलं.

तेव्हापासून शाळेत जो येई त्याला तोच उपक्रम बघायचा असे. मी एकदा दुसरं पुस्तक काढलं तर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, नवं कायले करता? हे चांगलं चालून राह्यलं." मग तेच पान, तोच प्रश्न. मांजर कोण म्हणणार, आजी कोण म्हणणार, हे पोरांनी आपसात ठरवून टाकलं. मुलीचं वाक्य शेवटी. मुलं खोक्यातली बाकीची पुस्तकं मागायची आणि मी म्हणायची, पाहुणे येऊन गेले की देते. पाहुणे संपत नव्हते.

दिवाळी झाली, तांडा ऊसतोडीला निघायला लागला. त्यातच वाशीमहून मोठे साहेब येणार असं कळलं.

"त्या पोरीले ठेवून घ्या," मुख्याध्यापक म्हणाले. "तिची माय तुमचं ऐकते."

मी गेले. तिची आई पोत्यात भांडी भरत होती. मी शिक्षणाबद्दल बोलले, वर्ष वाया जाण्याबद्दल बोलले. सगळं खरंच होतं. साहेबांच्या भेटीचं मात्र सांगितलं नाही.

"तिच्या लहान भावाले तिथं कोन पाहीन?" आई म्हणाली. मग हातातलं पातेलं पोत्यात टाकून म्हणाली, "तुमी म्हणता त राहू द्या. काकीपाशी राहीन."

मुलगी तिथंच उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

साहेब आले. तिनं वाक्य म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडे न होता. टाळ्या झाल्या. गाड्या गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, झालं न आता? मी मायकडे जाऊ?"

"माय दूर आहे बेटा. उन्हाळ्यात येईल."

"मंग तुमी काहून राहा म्हटलं?"

मी हजेरीपट उघडून बसले. ती जागेवर जाऊन बसली. त्यानंतर मी कुठलंही पुस्तक धरलं तरी ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, हा उपक्रम आता मी घेणार नाही. ते चिडले नाहीत. "मलेबी वरून इचारतेत, मॅडम. मी काय सांगू त्यायले?" पुढच्या भेटीला मी तेच पुस्तक उघडलं.

चैत्रात आई परतली आणि थेट शाळेत आली. मी जा म्हणेपर्यंत मुलगी जागची हलली नाही. "वाळली पोर," एवढंच आई म्हणाली.

पुढच्या हंगामात मुख्याध्यापकांनी मुलीला थांबवायला मला पुन्हा तांड्यावर पाठवलं. तांड्याच्या पार टोकाला ट्रक उभा होता. गाठोड्यांवर मुलगी बसली होती, मांडीवर भाऊ. तिनं मला पाहिलं आणि भावाला घट्ट धरलं. ती शाळेत राहायला हवी, हे मला तेव्हाही पटत होतं. मी तिथूनच मागं फिरले आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, "गेले ते, सर. मला उशीर झाला."

ट्रक अजून सुटायचा होता.