बारकीनं उभारलेलं दुकान

बारकी नावापुरतीच बारकी होती. उंचीनं ताडमाड, हाडापेरानं थोराड, आणि दारातून आत येताना मान किंचित वाकवायची सवय. भावंडांत धाकटी म्हणून ते नाव पडलं आणि केस पिकले तरी चिकटून राहिलं. नाटकाच्या लोकांत मात्र सगळे तिला ‘बाई’ म्हणत. रंगमंचावरच्या भिंती, दारं, जिने, खिडक्या, म्हणजे नट येण्याआधी तिथं जे जे उभं असावं लागतं, ते सगळं ती ठरवायची. उरलेल्या वेळात ती जलरंगात चित्रं काढायची. विचारलं तर म्हणायची, ‘‘उरलेला वेळ नाटकाचा. चित्रांचा वेळ आधीच काढून ठेवलेला असतो.’’

कुठलंही नेपथ्य ती आधी जलरंगात काढून बघे. कागद भिजवून फळीवर ताणायचा, कडा चिकटपट्टीनं दाबायच्या आणि पहिला पातळ हात द्यायचा. एकदा पसरलेला रंग मागे घेता येत नाही, म्हणून जिथं उजेड हवा तिथं कागद कोराच सोडायचा. तो उजेड मनासारखा पडला की मग पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती करायची, आणि त्यानंतर मिस्त्री. हा मिस्त्री तिचा जन्माचा सहकारी. चौकटीवर कापड ताणून भिंत उभी करावी तर त्यानंच. चित्र हातात घेऊन तो एकच प्रश्न विचारायचा, ‘‘बाई, दार आत उघडायचं की बाहेर?’’ आणि नेमकं तेच बाईंच्या डोक्यातून निसटलेलं असायचं.

बारकीचे वडील शिंपी. कोट आणि पॅंट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुकान रस्त्यापेक्षा खाली, पायऱ्या उतरून जायचं. त्यामुळे दुकानाची खिडकी आतून बघितली तर थेट छताला लागलेली, आणि तिच्यातून दिसायचे ते फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. मशीन चालवता चालवता बाबा मान वर करत आणि पॅंटच्या मोहरीवरून, म्हणजे पायाशी असलेल्या घेरावरून, माणूस ओळखत. ‘‘वकीलसाहेब निघाले बरं का. अजून तीच ढगळ मोहरी.’’ हा त्यांचा दिवसभरातला एकमेव विनोद. बाकी तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता.

घर दुकानामागच्या गल्लीत होतं, वळसा घालून जायचं. बारकी शाळेत असतानाच तिची आई गेली. दादा अभ्यासात बुडाला, बाबा कामात. बारकी कापायच्या टेबलाखाली बसून राहायची आणि बाबांनी टाकून दिलेल्या खाकी कागदांवर चित्रं काढायची. वरून कात्रीचा आवाज यायचा, चिंध्या पडायच्या. माणूस जवळ होता, पण दिसायचे त्याचेही पायच.

दादा शिकून दूरदेशी गेला. बारकीनं मशीनवर बसावं ही बाबांची इच्छा. तिनं चित्रकलेच्या शाळेत नाव घातलं आणि तिथून नाटकात शिरली. बाबा रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते गप्प झाले. मुळातच गप्प असलेला माणूस आणखी गप्प झाला, हे कळायला घरचंच माणूस लागतं. तिला ते कळलं.

एकदा प्रकाशयोजना करणाऱ्या एका गृहस्थाशी तिचं सूत जुळलं होतं. ती भिंती उभ्या करी, तो त्यांच्यावर संध्याकाळ पाडी. मग तो एका मोठ्या दौऱ्यावर गेला आणि परत आला तो लग्न करूनच. वहिनी म्हणून बायकोची ओळख करून दिली त्यानं. बारकी म्हणाली, ‘‘या ना एकदा घरी.’’ त्या काही आल्या नाहीत. पुढे तो विषय कुणी काढला नाही, आणि काढणारं तरी कोण होतं?

तिचं नाव झालं ते एका कर्जबाजारी घड्याळजीच्या नाटकानं. नेपथ्य काही केल्या सुचेना, तेव्हा तिनं सरळ बाबांचं दुकान उचललं. खोलगट खोली, छताला लागलेली खिडकी आणि पलीकडून चालणारे पाय. त्या पायांसाठी पडद्यामागे फळीची वाट बांधली होती आणि रिकामे असलेले नट आळीपाळीनं बूट बदलून तिच्यावरून चालत. पडदा वर गेला की त्या खिडकीलाच टाळ्या पडायच्या. बारकीनं बाबांसाठी पहिल्या प्रयोगाचं तिकीट मशीनवर ठेवलं होतं. त्या रात्री विंगेतून तिनं पुन्हा पुन्हा प्रेक्षागृहात डोकावून पाहिलं. अंधारात काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीसारखे तोंडात टाचण्या धरून बसले होते. त्यांनी विषय काढला नाही, तिनंही विचारलं नाही. आले नसतील, असं तिनं धरून टाकलं आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. काही दिवसांनी तिनं वेगळं बिऱ्हाड केलं.

वर्षं अशीच गेली. नाटकं आली, उतरली. महिनाभर राबून उभी केलेली घरं शेवटच्या प्रयोगानंतर मिस्त्री तासाभरात मोकळी करायचा. तिच्या हाती उरायची ती जलरंगातली चित्रं. ती पलंगाखाली साठत गेली. अधूनमधून प्रदर्शन व्हायचं, चार माणसं ‘छान’ म्हणायची आणि निघून जायची.

मग दुकानाची इमारत पाडायला काढली, आणि तेव्हाच बाबांचं विसरणंही लपवण्याच्या पलीकडे गेलं. बारकीनं त्यांना आपल्या घरी आणलं. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. बाबा सकाळी उठायचे, कोट चढवायचे, टेप गळ्यात टाकायचे आणि निघायचे.

‘‘कुठं निघालात, बाबा?’’

‘‘कुठं म्हणजे? दुकान काय आपोआप उघडतं?’’

एकदा पोलीस त्यांना घेऊन आला. एकदा भाजीवाली. डॉक्टर म्हणाले, दाराला कुलूप लावा. तिनं लावलं, तर बाबा दारावर थापा मारत राहिले. ‘‘गिऱ्हाईक ताटकळलंय हो!’’ एवढंच म्हणायचे, पण अगदी काकुळतीला येऊन. दादाला फोन केला. दादा म्हणाला, ‘‘चांगल्याशा ठिकाणी ठेव त्यांना. तू एकटी किती पुरी पडणार?’’ बोलणं बरोबर होतं. बरोबर बोलणं दुरून सोपंच जातं, असं तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

तिनं मिस्त्रीला बोलावलं. त्याच्यापुढे चित्र ठेवलं. ताज्या रंगातलं दुकान. मिस्त्रीनं ते बराच वेळ बघितलं. नेहमीचा प्रश्न विचारला नाही. ‘‘कुठल्या नाट्यगृहात लावायचंय?’’ म्हणाला.

‘‘माझ्या बाहेरच्या खोलीत.’’

‘‘आणि प्रयोग किती?’’

‘‘रोज.’’

मिस्त्री कामाला लागला. भिंतीचा रंग बारकीला आठवेना. करडा म्हणावा तर निळसर वाटे, निळा म्हणावा तर मळकट. कागदावर कितीतरी पाणी घालून बघितलं तेव्हा कुठे हाती लागला. कापायचं टेबल, खडूचा डबा, अस्तराच्या घड्या, इस्त्रीच्या वाफेनं फुगलेली फळी, सगळं जिथल्या तिथं. मशीन खरंच होतं, बाबांचंच. वर छताला लागून खिडकी, मागे दिवा.

पहिल्या दिवशी नवीच अडचण. बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले, दुकान बघितलं आणि थबकले. ‘‘असं कसं? मधे रस्ता नको?’’ खरंच होतं. घरातून निघालेला माणूस चालल्याशिवाय दुकानात पोचणार कसा? तेव्हापासून रोज सकाळी बारकी त्यांना हाताला धरून तीन मजले उतरवायची, इमारतीला वळसा घालायची आणि पुन्हा तीन मजले चढवायची. चढताना ते कुरकुरायचे, ‘‘या पायऱ्या कुणी उलट्या लावल्या?’’

त्या पहिल्या दिवशी आत येऊन ते मशीनवर बसले. कोट खुंटीला, टाचण्या तोंडात. मग मान वर करून खिडकीकडे बघितलं. ‘‘आज रस्त्यावर कुणी नाही. सुट्टी आहे वाटतं.’’

‘‘हो बाबा, सुट्टी आहे.’’

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. अगदी अदबीनं. ‘‘बसा ना. काय शिवायचंय आपल्याला?’’

तिला वाटलं, थट्टा करतायत. पण तो मोहरीचा विनोद सोडला तर बाबा कधी थट्टा करत नसत. आतल्या खोलीत ते तिला बारकी म्हणून ओळखत. इथं, स्वतःच्या दुकानात, ती एक गिऱ्हाईक होती. एवढ्या खटपटीनं तिनं त्यांना त्यांची जागा मिळवून दिली होती, आणि त्या जागेत तिचीच जागा राहिली नव्हती.

‘‘कोट,’’ ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ते उठले, टेप काढली. खांदा, पाठ, बाही. लहानपणापासून त्यांनी तिला कधी जवळ घेतलेलं तिला आठवत नव्हतं. आता ते रोज माप घेत, कारण रोज ती नव्यानं आलेली असे. ‘‘ताठ उभ्या राहा. मान वाकवू नका. उंच माणसानं उंचच दिसावं.’’ टेप खांद्यावर टेकली की ती डोळे मिटून घ्यायची.

असंच एकदा बाहीचं माप घेता घेता ते म्हणाले, ‘‘माझी मुलगी अशीच उंच होणार. हाडं सांगतात.’’

‘‘काय करते ती?’’

‘‘नाटकात असते. घरं बांधते तिथं.’’ त्यांच्या बोलण्यात मुलगी एकाच वेळी लहान आणि मोठी होती, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. ‘‘एकदा गेलो होतो बघायला.’’

बारकीचा हात तसाच हवेत राहिला. ‘‘गेला होतात?’’

‘‘अगदी मागे बसलो. पडदा वर गेला, बघतो तर आमचं दुकान! खिडकी तीच, टेबल तेच. लोक टाळ्या वाजवत होते. मी मध्यंतराला उठून आलो.’’

‘‘राग आला?’’

‘‘राग कसला? काम चोख होतं. पण तिथं कुणी दुसराच बसला होता हो. घड्याळवाला. सगळं काही होतं, मी तेवढा नव्हतो.’’ त्यांनी टेप गुंडाळली. ‘‘म्हटलं, पोरीनं दुकान बघितलं इतकी वर्षं. मला नाही बघितलं.’’

‘‘तिला सांगितलंत का हे?’’

‘‘तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं.’’

बारकीला राहवलं नाही. ‘‘बाबा, मी आहे. मी बारकी.’’

ते हसले. गिऱ्हाईक काहीतरी वेड्यासारखं बोललं तर दुकानदार हसतो तसे. त्यांनी टेबलाच्या उंचीशी हात धरून दाखवला. ‘‘बारकी एवढीशी आहे.’’

त्या दिवशी त्यांना आतल्या खोलीत नेल्यावर तिनं स्वतःहून विचारून पाहिलं. ‘‘बाबा, तुम्ही माझं नाटक बघायला आला होतात ना?’’ तिथं ते तिला ओळखत होते. ‘‘बारके,’’ म्हणाले, ‘‘कसलं नाटक?’’ जे आठवत होतं ते परक्या बाईला सांगून झालं होतं.

मग ते काम करत असताना ती त्यांची चित्रं काढू लागली. आयुष्यभर खोल्या रंगवलेल्या हाताला माणूस जमेना. मशीन यायचं, वाफ यायची, चेहऱ्याशी पोचलं की रंग फुटायचा. वाकलेल्या पाठीची दोन-तीन चित्रं मात्र बरी उतरली. ती बाबांना दाखवली. त्यांनी निरखून पाहिली आणि म्हणाले, ‘‘पाठीत कोट बरोबर बसलेला नाही.’’ त्यांचं बरोबर होतं. तिनं पुन्हा काढलं.

एका पहाटे बाबा झोपेतच गेले. दादा आला. बाहेरच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही. ‘‘हे मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘सांगितलं होतं, दादा. तू घाईत होतास.’’

तो मशीनवर बसला, चाकाला हात लावला आणि लहान मुलासारखा रडला. बारकी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला रडू आलं नाही. आपणही कुणाच्या तरी पुढे रडावं असं वाटत होतं, पण दादा आधीच रडत होता. दोघांनी एकदम रडलं तर सावरणार कोण? विमानतळावर निघताना तो म्हणाला, ‘‘तू ये तिकडे.’’ ती हो म्हणाली. दोघांनाही त्या होकाराचा अर्थ ठाऊक होता.

मिस्त्री आला आणि त्यानं दुकान सोडवलं. नेहमीसारखी घाई केली नाही, एकेक खिळा काढून पुडीत ठेवला. चौकटी नाट्यगृहाच्या गोदामात गेल्या. खोली मोठी झाली, इतकी की चमचा पडला तरी घुमे. ‘‘बाई, एकट्या राहाल ना?’’ मिस्त्रीनं विचारलं. ‘‘राहातेच आहे की,’’ ती म्हणाली.

पुढे काही दिवसांनी एका नव्या नाटकाचं वाचन होतं. ती गेली. नाटक विनोदी होतं. सगळे पोट धरून हसले, तीही दोन-तीनदा हसली. वाचन संपल्यावर मंडळी घोळक्यानं चहाला निघाली. तिला रंगमंचाची मापं घ्यायची होती. ‘‘व्हा पुढे, आलेच,’’ म्हणाली. ती पोचली तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. तरुण दिग्दर्शकानं सरकून तिला जागा दिली. गप्पा तिच्या ओळखीच्या नसलेल्या माणसांविषयी चालल्या होत्या. तिनं चहा संपवला, सगळ्यांचा निरोप घेतला आणि अजून उजेड होता म्हणून चालतच घरी आली.