लोणी लावलेलं चाक

उंद्रीच्या बसस्टँडवर सायकलीचं ज्ञान फुकट मिळतं. इंद्रभान रोज सकाळी दहाला तिथे येतात आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतात. वय त्रेसष्ट, डोक्यावर टोपी, आणि बोलण्यात 'बहुतेक' हा शब्द कधी नाही. हातात जी निळी सायकल असते ती त्यांच्या मुलीला, छायाला, आठवीत असताना शाळेतून मिळाली होती. छाया लग्न होऊन सुलतानपूरला गेली, सायकल मागे राहिली. पुढे टोपली असलेल्या त्या लेडीज सायकलचं हँडल धरून इंद्रभान या विषयातले अधिकारी झाले.

चाकात हवा कमी ठेवायची, हा त्यांचा पहिला नियम. उन्हात हवा फुगते, ट्यूब फुटते. म्हणून टायर अंगठ्यानं दाबला की भिजवलेल्या कणकेसारखा आत गेला पाहिजे. टायरात बाभळीचा काटा घुसला तर तो काढायचा नाही, हा दुसरा. "काटा काढला की भोक उघडं पडते. राहू देला तं तोच बूच होते," असं ते समजावतात. ऐकणारे मान डोलावतात, कारण त्यांच्यापैकी कुणाकडेच सायकल नाही.

स्टँडच्या कडेला सायकल दुरुस्त करणारे तुळशीराम मात्र मान डोलावत नाहीत. एकदा त्यांनी निळ्या सायकलचा मागचा टायर काढला, आतून बोट फिरवलं आणि निघालेले अकरा काटे कागदावर ओळीनं मांडले.

"इंद्रभानभाऊ, हे तुमचे बूच."

"वावरातली सायकल आहे. काटे राहतीनच."

"वावरात राहतात. टायरात कोन राहू देते?"

इंद्रभान यांनी काटे नीट पाहिले आणि टायरच हलका निघाला, असा निर्णय दिला.

हे सगळं करमणुकीपुरतं राहिलं असतं. पण ती सायकल खरोखर चालवत होती त्यांची सून, सुचिता. नवरा अविनाश पुण्याला कंपनीत. ही चिखलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. घर वावरात, तिथून स्टँड तीन किलोमीटर, बस सकाळी सव्वासातला. सायकल ती स्टँडवर ठेवून जायची, आणि दहाला इंद्रभान येऊन हँडल धरायचे. दर आठ-पंधरा दिवसांनी चाक वाटेत बसायचं आणि बस निघून जायची. ऑगस्टमध्ये कॉलेजातल्या मॅडमनी तिला हजेरीचा कागद दाखवला. आणखी एक खाडा झाला तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

घरी येऊन तिने सांगितलं, "मामाजी, आता एकबी खाडा चालत नाही. दोन्ही चाकं तुळशीरामभाऊकडून नीट करून आणतो मी."

"चाकं नीटच आहेत. तुले चालवता येत नाही. दगड पाहून चालवाव."

"दगडाचं नाही मामाजी, चाकात हवाच नसते."

"बारा वर्सं झाले, मले कधी पंचर झालं?"

चुलीजवळून सासूबाई, कौशल्याबाई, म्हणाल्या, "तुम्ही चालवता कुठी? तुम्ही तं हातात धरून उभे राहता."

सुचिता दुसऱ्याच दिवशी सायकल घेऊन तुळशीरामांकडे गेली. त्यांनी मागची ट्यूब बदलली, सैल तारा आवळल्या, चाक फिरवून त्याचं डुलणं काढलं. "अंगठा जोरात दाबला तरी रुतला नाही पाहिजे. दर रविवारी पाहायचं. पंचर झालं तं ट्यूब जोडायच्या आधी टायरात बोट फिरवून काटा शोधायचा, नाहीतर त्याच जागी परत पंचर. आणि रिमले तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. ब्रेकचं रबर तिथंच धरते."

त्यानंतर बारा दिवस पंचर झालं नाही. इंद्रभान यांना हे बरं वाटलं नाही. आपल्याशिवाय सायकल नीट चालते, ही गोष्ट गावात पसरण्याआधी काहीतरी करणं भाग होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे लोणी आणि हळदीनं चोळतात. इंद्रभान यांनी बैलजोडी तीन वर्षांपूर्वीच विकली, पण कौशल्याबाई वाटी दरवर्षी भरतात. ती शेजारच्या बैलांकडे जाते. या वर्षी इंद्रभान ती घेऊन सायकलकडे गेले. सायकलला खांदा नाही हे त्यांच्याही लक्षात आलं. मग त्यांनी कामाचा विचार केला. ओझं चाकं वाहतात, तर मानही चाकांचा. दोन्ही टायर, दोन्ही रिमा त्यांनी चमकेपर्यंत चोळल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुचिताने घाईत अंगठ्यानं हवा पाहिली. हवा बरोबर होती. टायरला हळद दिसली; पूजेची असेल म्हणून ती निघाली. नाल्याच्या उतारावर तिने दोन्ही ब्रेक दाबले. रबर लोण्यावरून घसरत राहिलं. सायकल वेगानं खाली गेली आणि बेशरमाच्या झुडपांत शिरली. गुडघा सोलला, पुढचं चाक तळलेल्या पापडासारखं वाकडं झालं. बसला चौदा मिनिटं होती आणि स्टँड दीड किलोमीटर. चाक सरळ करताना हात मनगटापर्यंत लोणी-हळदीनं माखले; सायकल तिथेच टाकून ती पळत सुटली.

ती स्टँडच्या वळणावर दिसली तेव्हा बस हलली होती. तुळशीराम दुकान उघडत होते. पंप हातात तसाच घेऊन ते बससमोर जाऊन उभे राहिले.

कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. "काऊन बे, बसमधी हवा भरतो काय?"

"हाव. ते पोरगी येऊ दे, मंग जाय."

हजेरी लागली. मॅडमनी तिचे मनगटापर्यंत पिवळे हात पाहिले आणि विचारलं, "कोणाची हळद होती?"

"सायकलची, मॅडम."

संध्याकाळी इंद्रभान यांनी सायकल झुडपातून आणून ठेवली होती आणि दोषीही शोधून ठेवला होता: उतार. सुचिताने ऐकून घेतलं.

"मामाजी, परीक्षा गेली असती तं उताराले विचारलं असतं काय?"

इंद्रभान यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"आजपासून या चाकाले तुम्ही हात लावायचा नाही," ती म्हणाली आणि कुलपाची किल्ली पर्समध्ये टाकली.

तुळशीरामांनी नवी रिम बसवली. हजेरी पुरली, सुचिता परीक्षेला बसली. इंद्रभान आता स्टँडवर रिकाम्या हातांनी फेऱ्या मारतात. कुणी विचारलं तर डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणतात. कौशल्याबाई जवळ असल्या तर दुरुस्ती करतात, "डॉक्टर नाही, नर्सनं सांगतलं."