खुरासणीचं तेल आणि झुंबर मिस्तरी

नाशकात द्वारकेला टायरवाल्यांच्या ओळीत शेवटचं गॅरेज झुंबर मिस्तरीचं. माणूस मूळचा सायखेड्याचा, वय चोपन्न, अन् संशय असा की विचारू नका. घरी बायकोने, उज्ज्वलाने, चहा पुढं केला तरी विचारतो, "साखर टाकली ना?" ती म्हणते, "नाय, मीठ टाकलं." तरी हा पहिला घोट जिभेवर घोळवूनच गिळणार.

ही खोड लागली विशीत. एका गिऱ्हाइकाने सांगितलं, गाडी कालपर्यंत चालू होती. झुंबरने खरं मानून चावी फिरवली. गाडी वर्षभर उभी होती. तेल सगळं खाली चेंबरात जाऊन बसलेलं, वरचं लोखंड कोरडं ठाक. दोन मिनिटांत इंजिन जाम. उस्तादाने शिवी दिली नाही, तीन महिने नुसते पाने-पकडी धुवायला लावले.

तेव्हापासून उभ्या गाडीला आधी तेल पाजायचं, मगच चावी. त्यासाठी त्याने एक फवारणीचा पंप ठेवलाय, द्राक्षवाले पाठीवर घेतात तसा. त्यात औषधाचा थेंब कधी पडलेला नाही. पंप साखळीने बांधलेला, कुलपाची किल्ली करगोट्याला, तरी तेल भरण्याआधी त्यात नाक घालून हुंगल्याशिवाय त्याचा जीव राहत नाही.

तर एका सकाळी टेम्पोच्या मागं दोराने बांधून एक जुनी डिझेल जीप आली. स्टेअरिंगवर भिका, पेठच्या पलीकडच्या पाड्यावरचा, आणि शेजारी त्याची आई सावित्रीबाई. जीप भिकाच्या थोरल्या भावाची, मंगळूची. दोन वर्षांमागं मंगळू गेला आणि जीप पडवीला लागली. पाड्यावर दुसरी गाडी नाही. आजारी माणूस झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावा लागतो. भिकाने आता लायसन काढलं होतं. हे इंजिन गेलं असतं तर दुसरं घ्यायची ऐपत नव्हती.

"शेवटची कधी चालू केली?" झुंबरने विचारलं.

"दादा होता तेव्हा."

"मधी कोणी हात लावला?"

"नाही, मिस्तरी."

झुंबरने बॉनेट उचललं. सगळ्या इंजिनावर बोटभर धूळ. तेल ओतायचं झाकण तेवढं लख्ख.

"धूळ काय ह्याच्यावर बसायला लाजली का रं?"

"खरंच कोणी हात लावला नाही."

"सगळे असंच म्हणतात."

झाकण निघता निघेना. निघालं तर आतून पिवळट, चिकट. झुंबरने ते बोटावर चोळलं, हुंगलं, आणि चहाचा घोट घ्यावा तसं जिभेच्या टोकाला लावलं.

"हे खायचं तेल हे. खुरासणीचं. खोटं बोलायला जागा तरी बघायची, भिका."

भिकाचं तोंड उतरलं. सावित्रीबाईचं लक्ष तोवर दुसरीकडंच होतं. शहरातले मिस्तरी चांगले पार्ट काढून घेतात असं ऐकून ती मुद्दाम आली होती, आणि झुंबरने खोललेला एकेक बोल्ट उचलून पदरात बांधत होती. ती तशीच बसून म्हणाली,

"त्याला कशाला बोलतो? मी घालायची. दर अवसेला पळीभर. विळ्याला, कोयत्याला लावतो, मग गंज धरत नाही. मंगळूची गाडी ती."

झुंबरने झाकण फडक्याने पुसून बाजूला ठेवलं. मग तो म्हणाला, "मावशी, हे तेल वाळलं का डिंक होतो. कढईच्या कडंला बघा कसं धरतं."

"माझी कढई मी घासते."

"मग आता हिला घासू."

चेंबर खाली उतरवला तर तेल ओढायची जाळी डिंकाने गच्च लिंपलेली. झुंबरने ती भिकाच्या हातात दिली. "चावी फिरवली असती तर थेंब वर चढला नसता. घरी फिरवून बघितली नाय ना?"

"बॅटरीच नव्हती, मिस्तरी."

झुंबरने बॅटरीची रिकामी चौकट वाकून बघितली. तिच्यात कोळ्याचं जाळं होतं. मग कुठं त्याने मान डोलावली.

दोन दिवस डिझेलने धुणं चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी नवं तेल भरलं, बॅटरी बसवली. ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या भोकात पंपाची नळी बसवली. भिका दांडा मारत राहिला, झुंबर वरून डोकावत राहिला. बऱ्याच वेळाने वरच्या रॉकरांतून तेल पाझरलं. नळी काढून स्विच आणि रॉकरांवरचं झाकण परत लावलं. मग डिझेल बंद करायचा स्टॉपर ओढून धरून, इंजिन पेटू न देता नुसता सेल्फ मारला, थांबत थांबत तीन वेळा. ऑइलचा लाल दिवा विझला.

"थांब," सावित्रीबाई म्हणाली. "वरच्या झाकणाचे बोल्ट चार होते. तीनच बसले."

झुंबरने गाडीखाली शोधलं, खिसे चाचपले. मग तिच्याकडं बघितलं. "पदर झटका, मावशी."

चौथा बोल्ट पदरातून खाली पडला. सावित्रीबाईने तो उचलून, पुसून त्याच्या हातावर ठेवला.

जीप दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून झुंबर अर्धा तास कान लावून बसला. कुठं ठोका नाही. भिका स्टेअरिंगवरून हलेना.

निघताना सावित्रीबाईने पिशवीतून एक बाटली काढली. "घरच्या खुरासणीचं. खायला."

झुंबरने बूच काढून हुंगलं. "ह्याच सालचं हे ना?"

"चाखून बघ," ती जीपमध्ये चढत म्हणाली. "तुला सवय आहे."