जावयाच्या गाडीचा पिनियन

आमच्या गॅरेजात एक नियम होता आणि तो मीच घातलेला होता. ट्रकचा मागचा एक्सल बदलला की कमानीच्या, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, बैठका त्याच्यावर आधी नुसत्या टाक्यांनी चिकटवायच्या, पक्कं वेल्डिंग करायचं नाही. मग गिऱ्हाइकाला सांगायचं, जा, गाडीत मुरूम भर आणि भरलेली गाडी इथे आणून उभी कर. भार पडला की कमानी दबतात, एक्सलमधून पुढे आलेल्या दांड्याचं, म्हणजे पिनियनचं, तोंड हलतं आणि रिकाम्या गाडीत जुळवलेला कोन खोटा ठरतो. गिअरबॉक्सचा कल आणि पिनियनचा कल एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. नाही जुळले तर मधला शाफ्ट नीट फिरत नाही, गाडी अंगात आल्यासारखी थरथरते आणि शाफ्टच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, तुटतात. गिऱ्हाइकं कुरकुरायची. भरा, आणा, पुन्हा रिकामी करा, कोण करणार एवढं? मी कुणाचं ऐकत नसे. तापट म्हणून कामठी रोडवर माझी ख्याती होती, आणि खरं सांगतो, मला ती आवडायची.

हा नियम मी एकदाच मोडला, आणि तो मान राखायला म्हणून मोडला.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने एक जुना ट्रक घेतला होता. तरुणपणापासून ते दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आले होते, आधी नरखेडकडची संत्री, मग कोळसा. त्यांच्या हातात गाडी असली की मागे झोपलेल्या माणसाची झोप मोडत नाही, असं लोक म्हणायचे. बोलायचं काम फार कमी. जगात त्यांना मिरवण्यासारखं एवढंच वाटे की आपण गाडी चांगली चालवतो. एका ठेकेदाराने त्यांना खाणीवरून कोराडीच्या वीजकेंद्रावर कोळसा नेण्याचं काम दिलं, आणि थोड्याच दिवसांत जुन्या एक्सलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तडकलं. मी भंगारात हिंडून दुसऱ्या गाडीचा दणकट एक्सल शोधून आणला. हे काम म्हणजे बहिणीला माझा आहेरच होता.

ओळंबा सोडला, कोनमापक पिनियनच्या तोंडाला टेकवला, कोन जुळवून टाके मारले. आता मुरूम. पण जावयाला कसं म्हणायचं, जा बाबा, मुरूम भरून आण? आमच्याकडे बहिणीचा नवराही जावईच, आणि जावई दारात आला की पाय धुवायला पाणी पुढे करतात. त्याला साळ्यानेच हमालीला लावायचं, हे काही माझ्या जिभेवर येईना. त्यांना नियम माहीत होता. त्यांनीच विचारलं, "दादा, भरून आणू काय गाडी?"

"बसा ना जावईबापू, चहा घ्या," मी म्हणालो. "घरच्या गाडीले मुरूम काहून पाहिजे? मी आहो ना!"

ते बसले. त्यांनी चहा घेतला आणि मी पक्कं वेल्डिंग करून टाकलं. बायकोने गाडीला हार घातला, नारळ फोडला, त्यांना ओवाळलं. मी तर असा फुगलो होतो की विचारू नका.

त्यानंतर काही महिन्यांनी बहीण गॅरेजात आली. पदराने घाम पुसत बाकावर बसली आणि म्हणाली, "दादा, त्याइचा हात बिघडला गा. गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहिली. क्रॉस तुटला म्हणते. ठेकेदार बोलून राहिला, तुह्या नवऱ्याले भरली गाडी चालवता येत नाही, दुसरा डायवर ठेवा नाहीतर काम बंद."

मी एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभा होतो. एक बोल्ट काही केल्या निघत नव्हता आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. शिवाय हे क्रॉस बदलायला जावई माझ्याकडे न येता कळमेश्वरला जातात, हे तिच्याच तोंडून कळल्यावर मला ते चांगलंच लागलं. मी मान वर न करता म्हणालो, "क्रॉस कायनं तुटते? क्लच झटक्यानं सोडला की तुटते. त्याइले सांग, पाय हळू उचला म्हणा. सोताची गाडी झाली की माणूस माजते."

बहिणीच्या लेखी गाडीच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. तिने तो जसाच्या तसा घरी नेला. ठेकेदार पुन्हा दारात आला तेव्हा त्यालाही सांगितला, माझा भाऊपण तेच म्हणते म्हणून. झालं. ज्या माणसाचं सगळं नाव त्याच्या चालवण्यात होतं, त्याला गाडी चालवता येत नाही यावर माझ्या गॅरेजचा शिक्का बसला. घरात ठरलं की नवा ड्रायव्हर ठेवायचा.

त्याच सुमारास मी एक डंपर दुरुस्त करायला खाणीवर गेलो होतो. निघताना त्यांचा भरलेला ट्रक दिसला आणि मी त्यात चढलो. खोटं कशाला बोलू, त्यांचा पाय बघायलाच चढलो. चूक डोळ्यांनी पकडायची आणि तिथल्या तिथे त्यांना ऐकवायचं, असा माझा बेत होता.

त्यांनी क्लच सोडला. झोपलेलं पोर कुशीतून खाली ठेवावं, इतक्या हलक्या पायाने सोडला. गाडी कधी हलली ते मला कळलं नाही. दुसरा गिअर, तिसरा गिअर, कुठे धक्का म्हणून नाही. मी मनात म्हणालो, साळा बसला आहे म्हणून जपून चालवताहेत. मग गाडीने वेग घेतला आणि माझ्या तळपायांना ते जाणवलं. आधी नुसती गुणगुण, मग थरथर, आणि पुढे दात वाजायची पाळी आली. हा रोग मी बिनचूक ओळखत होतो. याच्याच भीतीने तर मी गावाला मुरूम वाहायला लावत होतो.

"हे केव्हापासून आहे?" मी विचारलं.

"पहिल्या खेपेपासून," ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले.

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही एवढ्या मानानं करून देल्लं दादा. त्यात खोट कशी काढू?" त्यांनी गिअर उतरवला आणि म्हणाले, "अन् घरी ते क्लचचं समजलं, तवा वाटलं, असंन बा आपलाच पाय बिघडला. तुम्ही म्हणता तं खरंच असंन. आताशा लय हळू उचलून राहिलो."

कुणी मुस्कटात दिली असती तर बरं वाटलं असतं. मी या माणसाची गाडी बिघडवली होती ती बिघडवलीच, वर त्याचा स्वतःच्या पायावरचा विश्वास काढून घेतला होता.

कोराडीला न जाता मी गाडी तशीच भरलेली गॅरेजात आणायला लावली. कोन मोजला. पिनियनचं तोंड इतकं वर उठलं होतं की मोजायचीही गरज नव्हती. बैठकांचं वेल्डिंग कापलं, कमानीखाली पाचर दिली, भारासकट पुन्हा जुळवलं. त्यांच्यासमोर हात जोडून म्हणालो, चूक माझी, शंभर टक्के माझी. ते एवढे अवघडले की उठून नळावर पाणी प्यायला गेले.

पण नवा ड्रायव्हर ठरला होता आणि तो कामावर आला. त्याच्या हाती गाडी बरी झालेलीच पडली. क्रॉस तुटायचे थांबले. लोकांना आणखी काय पुरावा हवा होता? मी ठेकेदाराकडे जाऊन सगळं सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "भाऊ, जवायाची बाजू तुम्ही नाही घेणार तं कोण घेईन?"

मग मी बहिणीच्या घरी गेलो. ताटावर बसलेलो असताना, त्यांच्या देखत सांगितलं. पिनियन, मुरूम, कोन, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

"ऐकून राहिले ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्हाले वाईट वाटू नये म्हणून माहा भाऊ सोताच्या अंगावर घेऊन राहिला. त्याच्या हातचं काम कधी चुकलं काय?"

"अवं, खरंच चुकलं वं!" मी ओरडलोच.

"जेव तू."

ते खाली मान घालून जेवत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. आता तरी हो म्हणा, भांडा माझ्याशी, असं मला झालं होतं. त्यांनी फक्त भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

नवा ड्रायव्हर त्या दिवशी सुटीवर होता. गाडी दारातच उभी होती आणि मला घरी सोडायचं निघालं. जावई हात धुऊन खुंटीवरच्या चावीकडे वळले, तोच बहिणीने ती काढून माझ्या हातात ठेवली. "तुम्ही बाजूले बसा," ती त्यांना म्हणाली. "दादा चालवीन."

मी चावी त्यांच्यापुढे धरली. "जावईबापू, तुम्ही चालवा. माहं ऐका."

"राहू द्या दादा," ते हळूच म्हणाले. "तिचा जीव घाबरते. मलेही आता सवय नाही राहिली." आणि आपल्याच गाडीला समोरून वळसा घालून ते क्लिनरच्या बाजूने वर चढले.

मी गाडी सुरू केली. घाईत क्लच झटक्याने सुटला आणि गाडीने धक्का खाल्ला. दारात उभी असलेली बहीण आमच्याकडे बघून कौतुकाने हात हलवत होती.