दादाच्या डोक्यात बघायच्या तीन मशिनी

दवाखान्याच्या बाकड्यावर चार दिवस बसलं की वर्षभर पुरतील एवढे किस्से जमतात. आम्ही तर तीन आठवडे बसलो! दादाला जाऊन आज महिना झाला. भेटायला येणारे रडायच्या तयारीनं येतात आणि मी त्यांना हे सांगत सुटतो. आई आतून ओरडते, "लाज वाटू दे रं!" मग तीच बाहेर येऊन मी विसरलेलं सांगते.

दादा एका सकाळी चहा पिता पिता गप्प झाला. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. आम्हाला एवढंच हवं होतं: त्याला आमचं कळतंय का?

*

साताऱ्यात आधी सीटी स्कॅन. दोन मिनिटांत आत-बाहेर! डॉक्टर म्हणाले, "रक्तस्राव नाही, मोठी गाठ नाही. चांगलं आहे."

आई म्हणाली, "आवं, मग उठवा की त्याला!"

डॉक्टरांनी फोटो परत पाकिटात घातला. मग म्हणाले, "यात मोठा बिघाड लगेच कळतो. बारीक बघायला एमआरआय लागेल. सांगलीला न्या."

*

एमआरआय म्हणजे दांडगं चुंबक. दारातला माणूस प्रत्येकाला विचारतो, "अंगात लोखंड आहे का?"

रांगेत एक रिटायर सुभेदार होते. "हाय की. मांडीत. बॉम्बचा तुकडा."

"मग तुमचा होणार नाही. तुकडा हलेल."

"आवं, आता त्योबी पेन्शनीत हाय. न्हाई हलायचा!"

*

त्यांच्यामागे विट्याचे एक सोनं गाळणारे शेठ. तपासणी बायकोची. तिला बोरमाळ काढायला सांगितली, तर शेठ छाती काढून म्हणाले, "कशाला? चोख सोन्याला चुंबक शिवत न्हाई!"

बायको म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या गळ्यात. त्याचीबी तपासणी हुईल."

शेठनी स्वतःच्या हातानं बोरमाळ उतरवली. "न्हाई न्हाई! नियम म्हंजे नियम!"

*

दादाचा फोटो आला. मेंदूला अक्रोडासारख्या घड्या. सोबत आलेला मामा म्हणाला, "एवढ्या घड्या! पोरगं हुशारच हुतं."

डॉक्टर म्हणाले, "घड्या सगळ्यांनाच असतात."

मामानं माझ्याकडं बोट केलं. "याचाबी काढा. खात्री करू!"

मी म्हटलं, "माझं ऱ्हाऊ दे. डॉक्टर, दादाला कळतंय का?"

"फोटोत रस्ता दिसतो. गाडी चालू आहे का, ते यात दिसत नाही. त्यासाठी ईईजी काढू."

*

ईईजीला डोक्यावर वायरी चिकटवतात. सकाळीच आईनं तेल थापलेलं, एक वायर टिकेना! मी दोनदा शाम्पूनं दादाचं डोकं धुतलं. वायरी लागल्यावर मामा म्हणाला, "लग्नात मुंडावळ्याबी एवढ्या नव्हत्या!"

पडद्यावर रेघा सुरू झाल्या. मी विचारलं, "कळतंय का त्याला?"

ऑपरेटर म्हणाला, "मेंदू चालू आहे एवढं दिसतं. काय चाललंय ते नाही."

मला राहवलं नाही. कानात ओरडलो, "दादा, तुझी बुलेट मी विकली!"

रेघा ताडकन उडाल्या!

"पलंग हलवलात तुम्ही," ऑपरेटर म्हणाला. मी चार पावलं मागं गेलो, हात पाठीशी बांधले. "विकली रं दादा, येळावीच्या पोराला!"

परत उडाल्या.

"पंख्यामुळं असेल." त्यानं पंखा बंद केला, तरी रेघा उडतच होत्या. आई म्हणाली, "खरंच विकलीस व्हय रं?"

मी म्हटलं, "न्हाई दादा. दारात उभी हाय. पुसून ठेवलीय."

रेघा हळूहळू खाली बसल्या.

ऑपरेटर बराच वेळ बंद पंख्याकडं बघत राहिला.